तिखटाशेजारी तुरट

एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी आणि होळीच्या आगेमागे काढणी. तासगाव, पलूस, मिरज, कवठेमहांकाळ या तालुक्यांतलं वर्ष द्राक्षवेलीच्या या कामांवर बेतलेलं असतं. तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसन सीडलेसमधून निवडलेला ‘तास-ए-गणेश’ हा वाण इथूनच राज्यभर गेला. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. राज्य सरकारने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण आखलं, त्यातून वाइनसाठी दोन औद्योगिक उद्यानं उभी राहिली: एक नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि दुसरं इथे पलूसला, कृष्णा खोऱ्याच्या नावाचं. तरीही धुळवडीला, म्हणजे ऐन काढणीच्या हंगामात, सातारा-सांगलीच्या घराघरांत मटण शिजतं तेव्हा त्या ताटाशेजारी द्राक्षाची वाइन नसते. ज्यांना प्यायची असते ते जेवणाआधी व्हिस्की किंवा रम घेतात आणि जेवताना पाणी पितात. हौसेनं वाइन आणणारा बहुधा सगळ्यात गडद, सगळ्यात जड लाल बाटली निवडतो, कारण झणझणीत मटणासमोर वाइनही तशीच दणकट हवी असं त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं. दोन घोटांनंतर तोंड पोळतं, जीभ कोरडी पडते, आणि आपल्या जेवणाला वाइन चालत नाही असा निकाल देऊन तो बाटली बाजूला सारतो. हा निकाल मला घाईचा वाटतो. चूक वाइनच्या निवडीत आहे. या ताटाला साजणारी लाल वाइन हलकी, आंबटसर, कमी तुरट आणि कोरडी असायला हवी, आणि तिचा सर्वांत चांगला नमुना आज जर्मनीत तयार होतो.

जर्मनी म्हटलं की पांढरी आणि गोडसर वाइन आठवते. पण त्या देशातल्या सुमारे एक लाख हेक्टर द्राक्षबागांपैकी जवळजवळ एक तृतीयांश लाल वाणांच्या आहेत, आणि त्यांत पहिला मान ‘श्पेटबुरगुंडर’चा. हा फ्रान्समधल्या बर्गंडीचा पिनो न्वार. जर्मन नावातला ‘श्पेट’ म्हणजे उशिरा, तर ‘बुरगुंडर’ म्हणजे बर्गंडीचा. पिनो न्वारच्या लागवडीत फ्रान्स आणि अमेरिकेनंतर जर्मनीचा तिसरा क्रमांक लागतो, हे आपल्याकडच्या वाइनच्या जाणकारांनाही पुष्कळदा माहीत नसतं. या द्राक्षाची साल पातळ, घड घट्ट, रंग फिका. साल पातळ म्हणून वाइनमध्ये तुरटपणा कमी उतरतो. हवा थंड म्हणून आंबटपणा टिकतो आणि साखर बेताची राहते, त्यामुळे मद्यार्काचं प्रमाण साधारण साडेबारा-तेरा टक्क्यांच्या आसपास असतं. बाटलीवर ‘ट्रोकन’ असं लिहिलेलं असेल तर ती कोरडी. नियमानुसार अशा वाइनमध्ये लिटरमागे चार ग्रॅमपर्यंतच साखर उरू शकते. आंबटपणा पुरेसा असेल तर ही मर्यादा नऊ ग्रॅमपर्यंत वाढते, पण साखर आम्लापेक्षा दोन ग्रॅमहून जास्त असता कामा नये. हा बारकावा मला महत्त्वाचा वाटतो. साखरेचा आकडा त्यांनी एकटा मोजला नाही, आंबटाशी जोडून मोजला. आपली स्वयंपाकघरंही तसंच मोजतात. आमटीत गूळ किती, हे चिंच किती आहे त्यावर ठरतं.

आता ताटाकडे पाहू. आपल्या परंपरेनं सहा रस मानले: गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट. सातारा-सांगलीच्या मटणाच्या ताटावर ते लावून पाहिले की चित्र लगेच स्पष्ट होतं. तिखट भरपूर, कारण उन्हाळ्यात वर्षभराचा कांदा-लसूण मसाला करून ठेवलेला असतो. खारट पुरेसं. गोडवा भाजलेल्या कांद्याचा आणि खोबऱ्याचा. कडवटपणाची एक पुसट रेघ भाजणीची. मटणाची चरबी, वर तर्रीचं तेल, खाली ज्वारीची भाकरी. या ताटात कमी असतात ते दोन रस, आंबट आणि तुरट. ही उणीव जेवणाऱ्याला न सांगता कळते. म्हणून तर शेजारी कांदा आणि लिंबाची फोड येते, आणि जेवण झाल्यावर कात-सुपारी घातलेला विडा येतो. लिंबू आंबटाची भरपाई करतं आणि चरबीचं ओशटपण कापतं. कात तोंडाला तुरट करतो आणि जिभेवरचा तेलकट थर पुसून काढतो. कातातला तुरटपणा आणि लाल वाइनमधला तुरटपणा एकाच जातीच्या द्रव्यांतून येतो, दोन्हीकडे वनस्पतीची टॅनिनं असतात. म्हणजे या ताटानं आंबट आणि तुरट हे दोन्ही रस पूर्वीपासून मागितलेले आहेत. एक जेवताना फोडीतून मिळतो, दुसरा जेवणानंतर पानातून. हलकी कोरडी लाल वाइन हे दोन्ही एका घोटात आणि घासागणिक आणते. तिचं या ताटाशी जमतं ते या कारणानं.

मग जड वाइनमध्ये तर तुरटपणा आणखी जास्त असतो, ती अधिक उपयोगी का नाही? इथे तिखट आडवं येतं. तिखट हा रस आपण चवीत धरला, पण आजचं शास्त्र त्याला चव मानत नाही, जळजळ मानतं. मिरचीतलं कॅप्सायसिन जिभेवरच्या ज्या ग्राहकाला (रिसेप्टरला) चेतवतं, तोच ग्राहक चटका देणाऱ्या उष्णतेनंही चेतवला जातो. शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये तो ओळखला, आणि २०२१ च्या नोबेल पारितोषिकात त्या कामाचा वाटा आहे. हा ग्राहक एरवी सुमारे ४२ अंश सेल्सियसच्या पुढे जागा होतो. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं, की मद्यार्काच्या सान्निध्यात ही मर्यादा ३४ अंशांच्या आसपास खाली येते. आपल्या शरीराचंच तापमान ३७. म्हणजे मद्यार्क जास्त असेल तर तोंडाची स्वतःची ऊबसुद्धा चटक्यासारखी लागू शकते. वर मिरचीचा भडका. गरम प्रदेशातली द्राक्षं भरपूर साखर धरतात आणि त्यांच्या लाल वाइनचा मद्यार्क चौदा टक्क्यांच्या पुढे सहज जातो. अशी वाइन रश्शावर ओतणं म्हणजे विस्तवावर फुंकर मारणं. टॅनिनचंही तसंच. ती लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ खरबरीत लागते. मिरचीनं आधीच हुळहुळलेल्या जिभेवर थोडा खरबरीतपणा चालतो, फार झाला तर तो बोचतो. काताचं प्रमाणही विड्यात चिमूटभरच असतं.

एवढं मान्य करूनही सगळ्या पदार्थांना एकाच मापानं मोजता येणार नाही. मटण आधी हळद-मीठ लावून शिजवतात, त्या पाण्याला आपल्याकडे अळणी म्हणतात. घरातली लहान मुलं आणि आजारी माणसं ते पितात, पाहुण्यांनाही वाटी-वाटी मिळतं. श्पेटबुरगुंडरची खरी जोडी मला या अळणीशी दिसते. तिखट जवळजवळ नाही, मांसाचा स्वच्छ रस, थोडी चरबी, हळदीचा मातकट वास. या वाइनलाही आंबट चेरीसारख्या फळांच्या वासाखाली ओल्या मातीचा, पावसाळी रानातल्या पानांचा एक वास असतो. जड वाइन अळणीला झाकून टाकेल, ही तिच्या शेजारी बसते. त्यानंतर सुकं. सुक्या मटणात खोबरं, तीळ, कांदा तव्यावर तांबूस होईपर्यंत भाजलेले असतात. ओकच्या पिंपात मुरलेल्या श्पेटबुरगुंडरमध्येही एक भाजका वास उतरतो, कारण पिंपाची लाकडं आतून विस्तवावर शेकलेली असतात. दोन्हीकडची भाजणी एकमेकींना ओळखते. तांबड्या रश्शाशी मात्र जपून. कट बेताचा असेल आणि सोबत भाकरी कुस्करलेली असेल तर जमतं, कारण भाकरी तिखटाला आवरते. पांढऱ्या रश्शाची गोष्ट वेगळी. नारळाचं दूध, तीळ, खसखस यांच्या मऊ, स्निग्ध चवीपुढे लाल वाइनचा तुरटपणा उपरा वाटतो. तिथे मी ती सुचवणार नाही. आणि खर्ड्यापुढे कुठलीच वाइन टिकत नाही. हिरव्या मिरचीचा, लसणाचा आणि मिठाचा तो ओबडधोबड ठेचा कच्च्या तेलाबरोबर किंवा दह्याबरोबर खायचा असतो. कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं, आणि तेरा टक्के मद्यार्काच्या वाइनमध्येही बाकी बहुतेक पाणीच असतं. आग विझवायचं काम ताकाचं आहे. ते वाइनकडून मागू नये.

मटणावर इतकं थांबलो, पण माझ्या मते या प्रांतातला सर्वांत नेमका जोडीदार शाकाहारी आहे: अख्खा मसूर. इस्लामपूर-कऱ्हाडच्या ढाब्यांनी हा पदार्थ राज्यभर पोहोचवला. सालीसकट शिजवलेला मसूर, भरपूर कांदा-टोमॅटो, कांदा-लसूण मसाला, वर तेलाचा तवंग, आणि हातभर रुंद रोटी. मसुराच्या सालीत स्वतःचा थोडा तुरटपणा असतो, टोमॅटोचं आंबट असतं, आणि डाळीचा मातकट गोडवा असतो. आता दक्षिण जर्मनीतल्या श्वाबिया प्रांताकडे पाहा. तिथल्या लोकांचा जिवाभावाचा पदार्थ आहे मसूर, सोबत ‘श्पेट्झले’ नावाच्या अंड्याच्या मऊ शेवया आणि उकडलेले सॉसेज, आणि मसुरात शेवटी व्हिनेगरची धार. त्याबरोबर ते आपल्याच वुर्टेम्बर्गच्या टेकड्यांवरची ट्रोलिंगर किंवा लेम्बर्गर ही लाल, हलकी, कोरडी वाइन पितात. त्या भागातल्या डोंगरपठारावरचा जुना मसूर विसाव्या शतकात शेतांतून नाहीसाच झाला होता. लाउटराख गावच्या वोल्डेमार माम्मेल या शेतकऱ्यानं मसुराची शेती पुन्हा उभी केली, आणि हरवलेले स्थानिक वाण २००६ मध्ये सापडले ते रशियातल्या सेंट पीटर्सबर्गच्या वाविलोव्ह संस्थेच्या बियाणे-संग्रहात. कोरेगाव तालुक्याच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळवून देणाऱ्या सातारा जिल्ह्याला या धडपडीचं मोल सांगायला नको. मुद्दा असा, की मसूर आणि हलकी लाल वाइन हा संयोग कुणा हॉटेलातल्या तज्ज्ञानं जुळवलेला नाही. शेतकऱ्यांच्या जेवणात तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तिथे आंबट व्हिनेगरमधून येतं, इथे टोमॅटोतून. कृष्णाकाठच्या वांग्यांची भरली भाजी याच रांगेत बसते. दाण्याचं कूट, तीळ, मसाला, वांग्याचा स्वतःचा किंचित कडू-तुरट गर, हे सगळं या हलक्या लाल वाइनला ओळखीचं आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की जर्मन जेवण सपक, त्याच्यासाठी घडलेली वाइन आपल्या मसाल्यांना काय पुरणार? सपक हा शिक्का अपुऱ्या माहितीचा आहे. ऱ्हाइन नदीच्या काठचा ‘झाउअरब्राटन’ घ्या. मांस अनेक दिवस व्हिनेगर, लवंग, तमालपत्र आणि जुनिपरच्या फळांत मुरवतात, मग मंद आचेवर शिजवतात, आणि रस्सा दाट करायला त्यात आलं-लवंगांच्या वासाची मसालेदार केकसारखी भाकर कुस्करतात. ऱ्हाइनकाठची पद्धत अशी, की शेवटी त्यात मनुका-बेदाणे पडतात. आंबट, गोड, खारट, मसालेदार, चरबीयुक्त असा तो पदार्थ, आणि त्याच्यासोबत श्पेटबुरगुंडर ही तिथली सरळ निवड. तासगावच्या बाजारात बेदाण्याचे सौदे करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. त्या प्रांतात वाइन आणि बेदाणा एकाच ताटात येतात. मिरची तिथे नाही, हे खरं. पण खडा मसाला, आंबट आणि चरबी या तिन्हींशी या वाइनची जुनी ओळख आहे. उरते ती फक्त मिरची, आणि तिच्याबद्दलचं माझं म्हणणं वर आलंच आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. वाइनचे जाणकार तिखट जेवणाबरोबर सहसा किंचित गोडसर, कमी मद्यार्काची पांढरी वाइन सुचवतात, आणि जर्मनीचंच ‘रीसलिंग’ त्यांच्या यादीत वर असतं. गोडवा मिरचीची धग मवाळ करतो, हे अनुभवाला धरून आहे. केवळ जळजळीचा प्रश्न असता तर मी हा सल्ला मुकाट मान्य केला असता. पण सुक्या मटणाच्या घासात मिरची ही एक गोष्ट आहे, एकमेव नाही. भाजलेलं खोबरं, करपट कांदा, मांस, चरबी. गोडसर पांढरी वाइन मिरचीला समजावते आणि बाकीच्यांना वाऱ्यावर सोडते. फुलांचा, पिकल्या पीचचा तिचा वास काळसर मसाल्यावर तरंगत राहतो, आत शिरत नाही. शिवाय तुरट रस तिच्यात जवळजवळ नसतो, आणि हे ताट नेमकं तेच मागतं. म्हणून माझी वाटणी अशी: पांढऱ्या रश्शाला, नदीतल्या मरळीच्या हिरव्या कालवणाला रीसलिंग द्यावं. भाजलेल्या मसाल्याला लाल.

तिसरा आक्षेप घरचा आहे. नाशिकची शिराझ आहे, तिच्यात मिरीचा वास असतो, मग एवढ्या लांब कशाला जायचं? मिरीच्या वासाची गोष्ट खरी आहे. ऑस्ट्रेलियातल्या वाइन संशोधन संस्थेनं २००८ मध्ये दाखवलं, की शिराझमधला मिरीचा वास रोटंडोन नावाच्या द्रव्यामुळे येतो, आणि हेच द्रव्य खुद्द काळ्या मिरीत आहे. वासापुरती ती आपल्या मसाल्याची बहीण ठरते. पण वास नाकाला जुळला तरी वजन जिभेला जुळावं लागतं. उन्हात पिकलेल्या शिराझचा मद्यार्क आणि टॅनिन या ताटाला जड होतात. नाशिकच्या किंवा सोलापूरच्या वाइननं मागे राहावं असं मी म्हणत नाही. उलट, श्पेटबुरगुंडर हे आपल्या वाइनवाल्यांसाठी एक माप आहे. किती आंबट ठेवायचं, किती तुरट उतरू द्यायचं, साखर कुठे पोहोचली की द्राक्ष तोडायचं, हे ठरवताना परदेशी बक्षिसांऐवजी शेजारच्या घरातलं मटण समोर असावं.

सर्वांत गंभीर आक्षेप चवीचा नाहीच. दारूनं या जिल्ह्यांतली घरं मोडली आहेत. बाटली आडवी करण्यासाठी गावोगावच्या बायकांनी मतदान केलं, दुकानं बंद पाडली. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी साताऱ्यात ‘परिवर्तन’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं ते या दुखण्यातूनच. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकायला मान्यता दिली, तेव्हा झालेला विरोध इतका तीव्र होता की तो निर्णय कागदावरच राहिला. वाइन हृदयाला चांगली, हे जुनं समर्थनही आता उभं राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागानं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं, की मद्याचं कोणतंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येणार नाही. हे सगळं मी मान्य करतो, आणि न पिणाऱ्यानं वाइन सुरू करावी असं या लेखात कुठेही म्हणत नाही. माझं बोलणं जे आधीच पितात त्यांच्याशी आहे. त्यांची आजची रीत अशी, की रिकाम्या पोटी व्हिस्की किंवा रम प्यायची, जेवण उशिरा आणि अर्धवट करायचं. या रीतीत चवीला जागाच नाही, नशा हाच हेतू. जेवणाला चिकटलेला पेला या रीतीला छेद देतो. ताट आल्याशिवाय तो भरला जात नाही, ताट संपलं की संपतो, आणि जेवणाऱ्यांच्या पंगतीत, घरच्यांच्या देखत घ्यावा लागतो. यानं व्यसन सुटतं असा दावा मी करणार नाही, तो खोटा ठरेल. पण चवीचा विचार करणारा माणूस कमी मद्यार्काची बाटली निवडायला शिकतो, एवढं या साऱ्या युक्तिवादातून नक्की निघतं. आणि आंबवलेलं द्राक्ष आपल्या औषधशास्त्राला परकं नाही. धायटीच्या फुलांनी आंबवलेलं द्राक्षासव आणि द्राक्षारिष्ट आयुर्वेदाच्या दुकानात आजही मिळतं, आणि तिथेही मात्रा आणि वेळ बाटलीवर लिहिलेली असते.

मग हे द्राक्ष इथेच का लावू नये? पिनो न्वार उन्हाला भितो. जर्मनीत त्याची वेल एप्रिलमध्ये फुटते, जूनमध्ये फुलते, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या गार होत जाणाऱ्या दिवसांत घड पिकतात. सांगलीची वेल हिवाळ्यात झोपत नाही. तिला वर्षातून दोनदा छाटावं लागतं, आणि फळ पिकतं ते फेब्रुवारी-मार्चच्या चढत्या उन्हात. अशा उन्हात साखर झपाट्यानं वाढते आणि आंबट उडून जातं. महाबळेश्वर-पाचगणीचा थंडावा कुणाला आठवेल, पण तिथला पाऊस आणि २००१ पासून लागू असलेलं पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राचं बंधन पाहता तो विचार सोडलेला बरा. त्या डोंगरानं स्ट्रॉबेरी सांभाळली तरी खूप आहे.

तरीही ज्या खोऱ्यात ही वाइन नावारूपाला आली, त्या आर नदीच्या खोऱ्याशी कृष्णाकाठचं नातं चवीच्या पलीकडे आहे. साडेपाचशे हेक्टरांच्या आसपासचं हे चिमुकलं खोरं, साडेपन्नास अंश उत्तरेला, तरी त्याच्या बागा बहुतांश लाल. हे शक्य होतं ते पाटीच्या काळ्या दगडाच्या उभ्या उतारांमुळे. दगड दिवसा तापतो आणि रात्री वेलीला ऊब देतो. तिथल्या मायशोस गावच्या बागायतदारांनी १८६८ मध्ये सहकारी संस्था काढली, ती आज जगातल्या सर्वांत जुन्या वाइन सहकारी संस्थांत मोडते. त्याच काळात, तिथून फार लांब नसलेल्या हेडेसडॉर्फला फ्रीडरिश राइफाइझेन शेतकऱ्यांच्या पतसंस्था उभ्या करत होते. मद्रास सरकारचे अधिकारी फ्रेडरिक निकोलसन यांनी युरोपातल्या, विशेषतः राइफाइझेन यांच्या संस्थांचा अभ्यास करून १८९५ मध्ये अहवाल दिला, आणि त्या विचारातून १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. पुढे वसंतदादा पाटलांच्या सांगलीनं ज्या सहकारावर साखर कारखाने उभे केले, त्याचं एक मूळ असं ऱ्हाइनकाठी पोहोचतं. साखरेत रुजलेला तो सहकार आपल्याकडे वाइनमध्ये मात्र रुजला नाही. लहान बागायतदार कंपनीच्या खरेदीवर अवलंबून राहिला, आणि २००८-०९ च्या मंदीनंतर मागणी आटली तेव्हा अनेकांनी वाइनची झाडं उपटून पुन्हा खाण्याची द्राक्षं लावली. दुसरं साम्य दुःखाचं आहे. १४-१५ जुलै २०२१ च्या रात्री आरला पूर आला, त्या एका खोऱ्यात १३० हून अधिक माणसं गेली, तळघरं गाळानं भरली. आठवड्याभरानं, त्याच महिन्यात, कृष्णा-कोयनेनं तोच प्रसंग सांगली आणि पाटणवर आणला. आरच्या वाइनवाल्यांनी चिखलानं माखलेल्या बाटल्या न धुता ‘पुराची वाइन’ म्हणून देणगीदारांना दिल्या आणि खोऱ्याच्या उभारणीसाठी चाळीस लाखांहून अधिक युरो जमवले. २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या माणसाला त्या चिखलाचा वास सांगावा लागत नाही.

राहिला खर्च. आयात वाइनवर केंद्राचं सीमाशुल्क वर्षानुवर्षे एकूण दीडशे टक्के राहिलं, त्यात दुकानाचा नफा मिळवला की साधी श्पेटबुरगुंडरही रोजच्या ताटाच्या आवाक्याबाहेर जाते. ‘डोर्नफेल्डर’ हा १९५५ मध्ये वाइन्सबर्गच्या संस्थेत आउगुस्ट हेरोल्ड यांनी तयार केलेला संकरित लाल वाण थोडा स्वस्त पडतो, पण तो रंगानं गडद, चवीनं फळासारखा आणि पुष्कळदा गोडसर असतो. घ्यायचा झाला तर ‘ट्रोकन’ पाहूनच घ्यावा. रोजच्यासाठी जवळचा पर्याय फलटण ओलांडून माळशिरस तालुक्यात सापडतो. अकलूजच्या परिसरात मोहिते-पाटील कुटुंबानं इटालियन भागीदारांसह उभ्या केलेल्या ‘फ्रातेल्ली’च्या बागांत ‘सांजोवेझे’ हे इटलीच्या टस्कनीचं द्राक्ष पिकतं. मुळातच आंबट, तुरटपणा मध्यम, रंग फार गडद नाही. श्पेटबुरगुंडरची नजाकत त्यात नाही, पण आंबट आणि तुरट यांचं प्रमाण या ताटाच्या जवळ जातं. फक्त एक पथ्य पाळायचं. लाल वाइन घरच्या तापमानाला प्यावी, हा नियम ज्यांनी केला त्यांची घरं सोळा-अठरा अंशांची होती. मिरजेत एप्रिलमधली खोली त्याच्या दुप्पट तापलेली असते, आणि त्या उन्हात वाइनमधला मद्यार्क आधी नाकाला आणि मग मिरचीला जाऊन मिळतो. बाटली अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवावी. वीज गेली असेल तर ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी, खिडकीच्या वाऱ्यात ठेवावी, आणि अळणीच्या वाट्या पुढे आल्यावरच उघडावी.